विमान उलाळ होऊ द्यायचं नाही!

सिरसाळ्याच्या शिवारात उन्हं चढली की एकदा मान वर करून बघा. काळ्या रानावर घार गिरक्या घेत असते. पंख हलवत नाही, तरी वर वर जाते! काळी माती तापते, तिच्यावरची हवा तापून हलकी होते आणि वर उठते. त्या उठत्या हवेत शिरून घार फुकटात उंची मिळवते. आता तिच्या शेपटीकडे लक्ष द्या. वळायचं असलं की ती आपली दुभंगलेली शेपटी जराशी पिळते आणि वळते.

वर कसं राहायचं, वळायचं कसं आणि तोल कसा सांभाळायचा? घारीने सोडवलेली ही तिन्ही कोडी तुम्हालाही सोडवता येतील. त्यासाठी लागतो वह्या-पेनांच्या दुकानात मिळणारा एक फोम बोर्ड.

शाळेच्या प्रकल्पासाठी तुम्ही तो वापरला असेल. वर कागद, खाली कागद आणि मध्ये थर्माकोलच्याच जातीचा फोम, जाडी साधारण 5 मिलिमीटर. घेताना हातात तोलून घ्या बरं का! दुकानदार कधी कधी सनबोर्ड देतो. तो नुसत्या प्लास्टिकचा आणि जड असतो, विमानाला चालत नाही. फोम बोर्डाची गंमत त्या दोन कागदांत आहे. पट्टी वाकवायला गेलात की एका बाजूचा कागद ताणला जातो, दुसऱ्या बाजूचा दाबला जातो, आणि दोघेही सहजी ऐकत नाहीत. नुसता फोम मोडला असता, नुसता कागद लवला असता. दोघं मिळून ताठ राहतात. मोठ्या प्रवासी विमानांच्या आतली जमीनसुद्धा अशीच करतात, दोन पातळ थरांमध्ये हलका गाभा घालून.

सपाट बोर्ड हवेत तरंगतो कसा? वारा सुटला असेल तेव्हा बोर्डाचा तुकडा दोन्ही हातांनी आडवा धरा आणि त्याची वाऱ्याकडची कड थोडी उचला. बोर्ड वर ओढ घेतो ना? तिरका बोर्ड हवेला खाली ढकलतो आणि हवा बोर्डाला वर ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम तुमच्या तळहाताला जाणवतो.

आता थोडं गणित. एक मीटर लांब आणि 20 सेंटिमीटर रुंद पंखाचं, अर्धा किलो वजनाचं विमान घेऊ. त्याच्या पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर अडीच किलो भार येतो. जम्बो जेट पूर्ण भरलेलं असताना हाच आकडा 700 किलोच्या वर जातो. म्हणून जम्बोला लांबलचक धावपट्टी लागते आणि आपल्या विमानाला ताशी 25-30 किलोमीटरचा वेग पुरतो. हाताने फेकलं की उडतं!

पंखाला वरून बाक हवा, असं पुस्तकात असतं. फोमच्या विमानांत एक वेगळीच युक्ती सर्रास दिसते. पंखाच्या पुढच्या अर्ध्या भागावर फोमची आणखी एक पट्टी चिकटवायची. मध्येच पायरी तयार होते. पायरीवर हवा अडखळेल असं आपल्याला वाटतं, पण छोटं विमान त्या पंखावर छान उडतं. ही पायरी कागदाच्या विमानातून आली. न्यूयॉर्कच्या एका जाहिरात कंपनीत काम करणारे रिचर्ड क्लाइन मुलासाठी कागदी विमानं करायचे. त्यातल्या एका विमानाच्या पंखाला अशी पायरी होती. मित्र फ्लॉइड फॉगलमन यांच्यासोबत त्यांनी 1972 मध्ये तिचं पेटंट मिळवलं. मोठ्या विमानांना ही पायरी फायद्याची ठरली नाही. छोट्या, हळू उडणाऱ्या फोमच्या विमानांनी मात्र ती आपलीशी केली.

आता कामाला लागू. पहिलं विमान मोटरशिवायचं करायचं. घाई करून थेट मोटर लावणाऱ्यांचं विमान पहिल्याच फेकीत नाकावर आपटतं, आणि चूक मोटरची होती, पंखाची होती की तोलाची, हेच कळत नाही. पंख 40 सेंटिमीटर लांब, 8 सेंटिमीटर रुंद. धड 30 सेंटिमीटर लांब, 4 सेंटिमीटर उंच. शेपटीची आडवी पट्टी 14 बाय 5 आणि वर एक छोटा उभा पंख. कटर चालवताना आणि गरम गोंदाची बंदूक हाताळताना घरचं मोठं माणूस जवळ हवं. पंख मधोमध थोडा वर दुमडा, दोन्ही टोकं जराशी उंच होतील इतपत. झुळकेने एक पंख खाली गेला की विमान त्या बाजूला घसरू लागतं. मग खालच्या पंखाला जास्त उचल मिळते आणि विमान आपोआप सरळ होतं.

पंख धडाच्या पुढच्या भागात बसवा, नाकापासून साधारण 7 सेंटिमीटर मागे. आता पंखाच्या पुढच्या कडेपासून 2 सेंटिमीटर मागे, दोन्ही बाजूंना, पेनाने खूण करा. त्या दोन खुणांखाली बोटांची टोकं ठेवून विमान उचला. बहुधा शेपूट खाली जाईल. बैलगाडीत सगळं ओझं मागे भरलं तर काय होतं, हे आजोबांना विचारा. गाडी उलाळ होते: मागचा भाग खाली, जू वर. विमानही असंच उलाळ होतं. नाकावर एक नाणं चिकटवा, कमी पडलं तर दुसरं. विमान बोटांवर आडवं, सरळ राहिलं की झालं.

ही जागा पंखाच्या रुंदीच्या पहिल्या पाव भागातच का? पंखाची उचलसुद्धा तिथेच आसपास लागते. वजन उचलीच्या जरा पुढे असेल, तर वेग कमी होताच नाक खाली झुकतं, विमान पुन्हा वेग घेतं आणि सावरतं. वजन मागे गेलं, तर नाक वर जातं, वेग मरतो, नाक आणखी वर जातं, आणि मग धाडकन खाली! फेकून बघा. विमान वर चढून थबकत असेल आणि आपटत असेल, तर नाकात वजन वाढवा. सरळ जमिनीत घुसत असेल, तर कमी करा. सुरुवातीला जोरात फेकू नका. समोर, किंचित खाली, हलक्या हाताने सोडा.

शेपटीने तोल सांभाळायची कला पॅरिसच्या आल्फोंस पेनो या तरुणाने 1871 मध्ये करून दाखवली. पीळ दिलेल्या रबरावर चालणारं त्याचं छोटं मॉडेल त्युइलरी बागेत 11 सेकंद उडालं. पुढे 1878 मध्ये अमेरिकेतल्या एका वडिलांनी आपल्या दोन मुलांना पेनोच्या पद्धतीचं, रबरावर वर जाणारं खेळणं आणून दिलं. ती मुलं म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राईट! 1903 मध्ये त्यांच्या विमानाचं पहिलं उड्डाण किती वेळ चाललं, सांगा बरं? फक्त 12 सेकंद. खेळण्याला कमी लेखू नये, ते यासाठीच.

तुमचं हे बिनमोटरचं विमान, म्हणजे ग्लायडर, सरळ तरंगू लागलं की मोठ्या विमानाकडे वळा. अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या 'फ्लाइट टेस्ट' या मंडळींनी फोम बोर्डाच्या कितीतरी विमानांचे आराखडे फुकट खुले केले आहेत. एका बाजूचा कागद आणि फोम कापायचा, दुसऱ्या बाजूचा कागद तसाच ठेवायचा, की झाली बिजागरी! शेपटीचा हलणारा भाग असाच करतात. खर्च बोर्डाचा कमी असतो, रेडिओ, मोटर आणि बॅटरीचा जास्त. पण विमान मोडलं तरी त्या वस्तू काढून पुढच्या विमानात बसवता येतात.

मोटरवर 2200 केव्ही असा आकडा दिसला तर दचकू नका, तो हजारो व्होल्टचा नाही. दर एका व्होल्टला मिनिटाला 2200 फेरे, असा त्याचा अर्थ. बॅटरी 11.1 व्होल्टची असेल तर गुणाकार करा. 24,000 च्या वर! पंखा बसवल्यावर हवा अडवते म्हणून वेग कमी होतो, तरी बोट कापायला तो भरपूर आहे. घरात मोटर तपासताना पंखा काढूनच ठेवायचा.

रेडिओची करामत तर मला सगळ्यात आवडते. हातातल्या यंत्रातून निघणारी लाट सेकंदाला 240 कोटी वेळा थरथरते. तिची लांबी येते साडेबारा सेंटिमीटर. विमानातल्या रिसीव्हरची बारीक तार बघा: टोकाचा उघडा भाग सुमारे 3 सेंटिमीटर, म्हणजे लाटेच्या लांबीचा पाव हिस्सा! ती तार कापायची नाही. रिसीव्हर शेपटी हलवणाऱ्या छोट्या सर्वो मोटरला सेकंदाला 50 वेळा ठोका पाठवतो. ठोका दीड हजारांश सेकंदाचा असला तर शेपटी मधोमध, एक हजारांशाचा असला तर एकीकडे, दोन हजारांशांचा असला तर दुसरीकडे. तुमच्या अंगठ्याची हालचाल अशी आभाळात पोचते. वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या अमेरिकी भावांनी 1937 मध्ये रेडिओने विमान उडवलं, तेव्हा घरीच जुळवलेला रेडिओ घेऊन त्यांना हे करावं लागलं होतं.

उडवताना एक कोडं प्रत्येकाला छळतं. विमान तुमच्यापासून दूर जात असतं तेव्हा उजवं ते उजवंच. ते वळून तुमच्याकडे यायला लागलं की सगळं उलटं! हातातल्या यंत्राची दांडी उजवीकडे ढकलली की विमान तुमच्या डावीकडे जातं. घाबरायचं नाही. जो पंख खाली झुकलेला दिसतोय, त्याच बाजूला दांडी न्यायची. विमान सरळ होतं.

जागा आणि वेळ नीट निवडा. सुगी झाल्यावरचं मोकळं रान, सकाळची शांत हवा. दुपारी हवा तापून विरळ होते; 15 अंशांच्या हवेपेक्षा 40 अंशांची हवा सुमारे 8 टक्के हलकी, म्हणजे पंखाला तेवढा आधार कमी. वावटळीही दुपारीच उठतात. परळीच्या औष्णिक केंद्रामुळे सिरसाळ्याच्या या भागात उच्च दाबाच्या तारा आहेत. त्यांच्या जवळपास विमान नेऊच नका, आणि तारेत अडकलं तर काठी घेऊन काढायला तर अजिबात जाऊ नका! रस्ता, माणसं, जनावरं यांच्यावरून उडवायचं नाही. विमानाची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी उन्हात ठेवायची नाही, फुगली की वापरायची नाही, चार्जिंगला लावून झोपायचं नाही. शिवाय 2021 च्या ड्रोन नियमांत छंदाची मॉडेल विमानंही येतात. विमान नजरेच्या टप्प्यातच ठेवावं लागतं आणि हिरव्या, पिवळ्या, लाल क्षेत्रांचा सरकारी नकाशा पाळावा लागतो. मोठ्यांना सोबत घेऊन तो आधी बघा.

आणि हा छंद कुठवर जातो? पुण्याचे सदानंद काळे मैदानांवर मॉडेल विमानांची प्रात्यक्षिकं करून दाखवत आले आहेत. एनसीसीच्या हवाई शाखेत मुलामुलींना एरोमॉडेलिंग शिकायला मिळतं. कॅप्टन अमोल यादव यांनी तर मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं खरं विमान बांधलं! 2016 च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, 2017 मध्ये त्याची रीतसर नोंदणी झाली आणि 2020 मध्ये धुळ्याला ते हवेत उडालं. त्याचा तोलही आधी मोजावाच लागला होता, तुमच्या ग्लायडरसारखाच.

तर मुलांनो, या सुट्टीत ग्लायडर करा. पंखाची लांबी-रुंदी, एकूण वजन, नाकात किती नाणी लागली आणि ते किती पावलं तरंगलं, हे वहीत लिहून ठेवा आणि आम्हाला पत्राने कळवा. उलाळ झालेल्या विमानांचीही पत्रं हवी आहेत, आणि तुम्ही ती कशी दुरुस्त केलीत तेही हवं आहे.