विणकराच्या नावाचे गाव

गावांची नावे बहुधा सत्ता ठेवते. शेजारची खडकी पाहा. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी तिथे शहर वसवले. त्याचा मुलगा फतेहखान याच्यावरून ते फतेहनगर झाले, पुढे औरंगजेबामुळे औरंगाबाद आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर.

आपल्या जालन्याची गोष्ट मात्र निराळी. आख्यायिका अशी, की रामायणकाळी हे जनकपूर होते. पुढे एका धनवान मुसलमान विणकर व्यापाऱ्यावरून त्याला जालना म्हणू लागले. विणकराला उर्दूत जुलाहा म्हणतात. इथे १७२५ मध्ये निजाम-उल-मुल्कच्या हुकमाने किल्ला उभा राहिला, पण गावाला नाव विणकराचेच राहिले. १ मे १९८१ रोजी औरंगाबादेतून वेगळा जिल्हा झाला, तोही याच नावाने.

‘जालना सोने का पालना’ ही म्हण इथल्या बाजारपेठेच्या भरभराटीची. ती भरभराट कष्टकऱ्यांच्या हातांनी आली. म्हणून जुने लोक जनकाची कथा सांगतात आणि जुलाह्याचीही. एक सांगताना दुसरी खोडत नाहीत. नावे बदलतात, बदलोत. आधीच्या नावाची आठवण मुलांना सांगणारे कोणी तरी घरात असावे.