दारात आलेला विक्रेता आणि आपलं मन

वालचंदनगरच्या आसपास आपल्याकडे पैसा येतो तो उसाच्या बिलाबरोबर. त्याआधीचे महिने ओढाताणीचे. गेल्या वर्षी अशाच दिवसांत आमच्या गटातल्या एका ताईंच्या दारात पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारा आला. "आज घेतलं तरच सूट, पैसे हप्त्याने." दहा मिनिटांत सही झाली. दोन महिन्यांनी लेकीची परीक्षा फी आली, तेव्हा हातात पैसेच नव्हते. फीसाठी गटातून कर्ज काढावं लागलं.

ताई स्वतःलाच बोल लावत होत्या. पण ही एकट्या ताईंची गोष्ट नाही. तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तोडणीआधी चणचण असताना आणि तोडणीनंतर पैसा आल्यावर, दोन्ही वेळा त्यांना डोकं चालवायची कोडी घातली. माणसं तीच, पण चणचणीत उत्तरं जास्त चुकली. त्यांची अक्कल कमी झाली नव्हती. काळजीनं डोक्यातली जागा अडवली होती.

त्यात मोहाची भर पडते. पोट भरलेलं असताना आपण म्हणतो, भजी नकोत. उपाशीपोटी बाजारात गेलं की पुडा हातात येतोच. इच्छा तापलेली असते तेव्हा पुढचा महिना दिसत नाही. विक्रेत्याला हे ठाऊक असतं, म्हणून तो "आजच" म्हणतो. उद्यापर्यंत मन निवतं.

चांगलं पाणी हवंसं वाटणं चूक नाही. चुकली ती घाई. म्हणून आम्ही गटात ठराव केला. हप्त्याची वस्तू पाहिली त्याच दिवशी सही करायची नाही. पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारायचे: सगळे हप्ते मिळून वस्तू कितीला पडते? हप्ता कुठल्या पैशातून जाणार? त्याच महिन्यांत दुसरा कुठला खर्च येतोय? उसाचं बिल येण्याआधीच फी, बी-खत आणि कर्जफेड वहीत लिहून ठेवायची. दवाखान्याला मात्र हा नियम नाही. तिथं थांबायचं नाही.

परवा ताईंच्या दारात आणखी एकजण आला. ताई म्हणाल्या, "आमची बैठक दहा तारखेला आहे. अकराला या."

तुमच्याही पुढच्या बैठकीत हा विषय काढा.