हौशी मुलांची मासिके

छापखाना नाही, पैसाही नाही, तरी मासिक काढता येईल का? अमेरिकेतील काही मुलांनी ते काढून दाखवले.

१९२६ साली तेथे 'अमेझिंग स्टोरीज' हे विज्ञानकथांचे मासिक सुरू झाले. त्यात वाचकांची पत्रे पत्त्यांसह छापली जात. त्यामुळे दूरदूरचे वाचक एकमेकांना पत्रे लिहू लागले. त्यांची मंडळे झाली. १९३० साली अशाच एका मंडळाने 'द कॉमेट' हा अंक काढला. पुढे १९४० मध्ये अशा हौशी अंकांना 'फॅनझीन' हे नाव मिळाले.

हे अंक कसे निघत? मेणाचा थर दिलेल्या कागदावर टंकयंत्राने मजकूर उठवायचा. अक्षरांच्या जागचे मेण निघून जाई आणि तेथून शाई कोऱ्या कागदावर उतरे. अशा प्रती काढून पाने जुळवायची, पिना मारायच्या आणि अंक टपालात टाकायचे. सारे काम घरच्या घरी!

क्लीव्हलँड शहरातील जेरी सीगल आणि जो शूस्टर हे दोन शाळकरी मित्र असाच अंक काढत. सीगल लिही, शूस्टर चित्रे काढी. जानेवारी १९३३ च्या अंकात त्यांनी 'सुपरमॅन' हे पात्र प्रथम आणले. मात्र तो नायक नव्हता, खलनायक होता! पुढे त्यांनी त्याला नायक बनवले. अनेकांनी ती चित्रकथा नाकारली. पण दोघांनी धीर सोडला नाही. अखेर १९३८ मध्ये ती छापून आली आणि सुपरमॅन जगभर पोहोचला.

मुलांनो, तुमच्याजवळ कागद आहे, लेखणी आहे, मित्रही आहेत. मग तुमच्या वर्गाचा पहिला अंक केव्हा निघणार?