पायांतील कमान

जत्रेंत उंच काठ्यांवर चालणारा मनुष्य आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. त्या काठ्या उंची देतात, उडी देत नाहींत. अलेक्झांडर बॉक ह्या जर्मन गृहस्थानें काठीच्या जागीं कमान बसविली. २००४ सालीं अमेरिकेंत त्यास पेटंट मिळालें, आणि ह्या खेळास त्याच्याच नांवावरून ‘पॉवरबॉकिंग’ म्हणूं लागले. २००८ सालीं बीजिंग येथील ऑलिंपिक सामन्यांच्या समारोपांत हे उड्या मारणारे खेळाडू साऱ्या जगानें पाहिले.

साधनाची रचना अवघड नाहीं. पाऊल पट्ट्यांनीं एका फळीवर घट्ट बांधावयाचें आणि तेथून वर जाणारा दांडा गुडघ्याखालीं आवळावयाचा. पोटरीच्या मागें फायबरग्लासची, म्हणजे काचेच्या तंतूंनीं बळकट केलेल्या प्लास्टिकची, कमान असते. मालमोटारीच्या चाकांवरील कमानपाटा डोळ्यांपुढें आणावा. मात्र ही कमान त्या पोलादी पाट्याहून पुष्कळ हलकी. खालच्या टोकास रबराचा खूर असतो.

ही कमान माणसास बळ देते, असा पुष्कळांचा समज होतो. ती घेतलेलें तेवढें परत करते, आणि तेंही थोडें कापून! ६० किलो वजनाचें शरीर १ मीटर वर न्यावयाचें तर सुमारें ५९० ज्यूल कार्य घडावें लागतें, आणि त्याचें भांडवल अखेर स्नायूंनींच पुरवावयाचें. मग लाभ कोणता? साध्या उडीनंतर आपण खालीं आलों कीं, पडण्याची बरीचशी शक्ति उष्णतारूपानें विरून जाते. येथें ती कमानीच्या वांकण्यांत सांठते व पुढच्या उडीचा नवा जोर तिच्यांत मिळतो. झोपाळ्यास दर खेपेस थोडाच झोंका द्यावा आणि तो चढत जावा, तसा हा प्रकार. कांगारूच्या मागील पायांतील लांब कंडरा हेंच काम करतात.

ह्यामुळें कमान वजनास जुळलेली लागते. हलक्या मुलाखालीं ताठ कमान वांकतच नाहीं, आणि जड माणसाखालीं नरम कमान मोडावयाची. थोरल्याचा सदरा धाकट्यास होतो. हें साधन मात्र होत नाहीं.

स्वस्थ उभें राहणें हें ह्यांतील सर्वांत कठीण काम. खूर लहानसा, त्यामुळें सायकलप्रमाणें हालत राहिलें तरच तोल राहतो. नवशिक्यानें उंच कट्ट्यावर बसून पाय बांधावे, दोघांच्या आधारानें उठावें, आणि उडीच्या अगोदर गुडघ्यांवर पुढें पडण्यास शिकावें, कारण मागें पडलें तर डोकें व मनगटें दुखावतात. शिरस्त्राण, मनगटांचे व गुडघ्यांचे संरक्षक ह्यांवांचून पाय बांधूंच नयेत. गवत मऊ म्हणून सुरक्षित, हाही भ्रमच: ओल्या गवतावर खूर घसरतो, भुसभुशींत रुततो. कोरडी, सपाट, मोकळी जागा बरी.

मुलांस हें घेऊन देणाऱ्या पालकांनीं खेळापूर्वीं प्रत्येक वेळीं बोल्ट व पट्ट्या स्वतः तपासाव्या. कमानीवर बोट फिरवून पाहावें. तंतू उसवलेले किंवा बारीक चीर लागली, तर ती कमान चिकटपट्टीनें सांधूं नये; टाकून द्यावी.