आधी पंप फिरवू नका

वीस वर्षांवरच्या मोटारींच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क केंद्राने ऑगस्ट 2025 मध्ये पाच हजारांवरून दहा हजार रुपये केलं. त्यावर बरीच ओरड झाली, आणि ती रास्तच होती. पण शुल्क भरून गाडी आपोआप रस्त्यावर राहत नाही. फिटनेसला उभी राहिली की ती थरथरू नये, पांढरा-काळा धूर सोडू नये. हिवरा आश्रम, मेहकर, जानेफळ, चिखली या पट्ट्यात दारात उभ्या असलेल्या जुन्या टर्बो डिझेल गाड्यांचं खरं दुखणं इथे आहे.

गाड्या ओळखीच्याच आहेत. 1998 ची पहिली सफारी, टर्बो सुमो, डीआय टर्बो बोलेरो, 2002 ची 2.6 लिटरची स्कॉर्पिओ. दोन पुण्यात बनलेल्या, दोन नाशिकात. शेतमाल, वऱ्हाड, दवाखाना, शेगावची वारी असं सगळं यांनी वाहिलं. आता त्यांची तक्रार एकच असते: स्लोवर, म्हणजे इंजिन नुसतं चालू ठेवल्यावर, गाडी हलते, मिसिंग मारते, सिग्नलला बंद पडते. यावर दोनच निदानं हमखास कानावर येतात. ‘टर्बो गेला’ किंवा ‘टायमिंग हललं, पंप फिरवू’. माझं स्पष्ट मत आहे की पहिलं जवळजवळ नेहमी चूक असतं आणि दुसरं घाईचं.

टर्बोचं आधी पाहू. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूवर तो फिरतो. स्लोवर हा वायू थोडा असतो, त्यामुळे टर्बो नुसता फिरतो, हवेचा दाब जवळपास देतच नाही. जो भाग त्या वेळी काम करत नाही, तो थरथरीला कारण कसा ठरेल? टर्बो बिघडला की चढावर ओढ कमी होते, काळा धूर येतो, ऑईल खाल्लं तर निळा. स्लोची थरथर ही बहुतेक वेळा डिझेलची किंवा कॉम्प्रेशनची गोष्ट असते.

डिझेलला प्लगची ठिणगी नाही. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने डिझेल पेटतं, म्हणून ते नेमकं कधी फवारलं जातं तेच या इंजिनाचं टायमिंग. आठशे आरपीएमला क्रँक एका सेकंदात 4,800 अंश फिरतो. फवारा दोन-चार अंश मागे पडला तर तो काळ सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी असतो, तरी कानाला फरक कळतो. टायमिंग पुढे गेलं की इंजिन कडक ठोकतं. मागे पडलं की थंडीत पांढरा धूर, ओढ कमी आणि सायलेन्सरकडे जास्त उष्णता. हीच उष्णता पुढे टर्बोला भाजते.

त्यामुळे टायमिंग महत्त्वाचं आहेच. पण डिझेलचा पंप आपल्या जागी घट्ट बसलेला असतो, तो सहसा आपोआप सरकत नाही. बिघाड आधी इतरत्र होतो. गाडी कधी हलते हे नीट आठवून मिस्त्रीला सांगा, निम्मं निदान तिथेच होतं. फक्त सकाळी थंडीत हलत असेल आणि गाडीला हीटर प्लग असतील, तर ते तपासा. गरम झाल्यावरच त्रास होत असेल, तर पंप आतून झिजल्याची शंका घ्या, कारण गरम डिझेल पातळ होऊन आतल्या आत गळतं. सदासर्वकाळ हलत असेल तर एअर, म्हणजे डिझेलच्या पाइपात शिरलेली हवा, किंवा नोझल. फिल्टर ते पंप या टप्प्यात पारदर्शक पाइप लावला तर बुडबुडे डोळ्यांना दिसतात. बहुतेकदा तांब्याचा एखादा वॉशर किंवा हातपंपाची सील गेलेली असते. किंमत फारच किरकोळ.

एअर नसेल तर एकेका नोझलच्या पाइपाचा नट थोडा सैल करून ऐकायचं. ज्याचा नट सैल केल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता. हे फक्त जुन्या यांत्रिक पंपावर, अनुभवी हातानेच करायचं. सीआरडीई, म्हणजे कॉमन रेल गाडीवर कधीच नाही. तिथला दाब हजार बारच्या वर जातो आणि फवारा कातडी भेदून आत शिरतो. त्या गाडीत फिरवण्यासारखं टायमिंगही नसतं, ते संगणक ठरवतो.

मग तपासायचे टॅपेट, आणि इंजिन फाउंडेशनचे रबर. रबर बसले असतील तर निरोगी इंजिनही अख्खी गाडी हलवतं. हे सगळं झाल्यावरच पंप.

पंपाबद्दल मी हट्टी आहे. नट सैल करून, कानाने ऐकत, पंपाची बॉडी इकडे-तिकडे सरकवून ‘आता बरी वाटते’ असं म्हणणं हे टायमिंग नव्हे. स्लोवर बरी वाटलेली गाडी घाटात ठोकते किंवा तापते. रोटरी पंपाची रीत ठरलेली आहे. पंपाच्या मागच्या टोकाचा बोल्ट काढून तिथे डायल गेज बसवायचं. इंजिन हाताने उलट फिरवत सुई स्थिर झाली की शून्य धरायचं, मग पहिला सिलिंडर वरच्या बिंदूवर आणून प्लंजर किती उचलला ते वाचायचं. हा आकडा साधारण मिलिमीटरच्या आसपास असतो आणि गाडीगणिक ठरलेला असतो. शाफ्ट फिरतो त्याच्या उलट बॉडी वळवली की टायमिंग पुढे जातं. या रीतीला फार तर तासभर लागतो. टायमिंग बेल्ट किंवा चेन एक दात सरकली असेल तर तेही याच वेळी उघड होतं.

स्थिर स्लो किती मोलाचा, हे हिवरा आश्रमात सांगावं लागत नाही. विवेकानंद जयंतीच्या महापंगतीत पुरी-भाजी घेऊन ट्रॅक्टर बसलेल्या माणसांच्या रांगांमधून फिरतात. तिथे झटका देणारं इंजिन चालत नाही. ट्रॅक्टरचा पंप आणि जुन्या जीपचा पंप यांचं तत्त्व एकच आहे, आणि तपासणीची शिस्तही.

आता शुल्काकडे. दहा हजार मोजून नोंदणी वाढवायची असेल तर त्याआधी एअर, नोझल, टॅपेट, रबर या क्रमाने काम करून घ्या आणि प्रत्येक काम बिलावर लिहून मागा. पंपाची पाळी आलीच, तर मिस्त्रीकडे डायल गेज आहे का ते विचारा. नसेल तर पंपाच्या नटाला पाना लावू देऊ नका.