चौदा दिवसांची मर्यादा

प्रयोगशाळेत मानवी भ्रूण किती दिवस वाढू द्यावा? ब्रिटनचं उत्तर आहे १४. पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन १९७८ साली तिथेच जन्मली आणि हा प्रश्न टाळता येईना. तत्त्वज्ञ मेरी वॉर्नॉक यांच्या समितीने १९८४ मध्ये ही मर्यादा सुचवली. १९९० मध्ये तिचा कायदा झाला.

१४च का? पंधराव्या दिवसाच्या सुमारास भ्रूणावर एक बारीक रेघ उमटते. डोकं कुठल्या बाजूला असणार, हे तिच्यावरून दिसू लागतं. तोवर एका भ्रूणाचे दोन होऊन जुळी जन्मू शकतात. मज्जासंस्थेचा तर अजून मागमूसही नसतो. व्यक्ती नेमकी कधी सुरू होते, यावर एकमत होणार नाही हे ओळखून समितीने सगळ्यांना मोजता येईल अशी खूण निवडली. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

संशोधनासाठी भ्रूणातून मूलपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या इतर पेशी बनतात त्या, मात्र पाचव्या-सहाव्या दिवशीच काढतात. विस्कॉन्सिनमध्ये जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये त्या प्रथम वाढवल्या. त्यात भ्रूण सहसा नष्ट होतो आणि वाद पेटतो तो त्यावरून.

२०१६ मध्ये केंब्रिज आणि न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळांनी भ्रूण जवळपास १३ दिवस वाढवले आणि मर्यादेपाशी थांबवले. आता मर्यादा वाढवायची मागणी आहे. ती वाढवायची असेल, तर आधी लोकांशी मोकळेपणाने बोललंच पाहिजे. भारतातही मर्यादा १४ दिवसांचीच आहे, पण ती २०१७च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये.