फरशीखालची ऊब : हमामापासून नळीपर्यंत

श्रीनगरच्या कडाक्याच्या थंडीत मशिदीच्या हमामात पाऊल टाकले की ऊब तळपायातून वर चढते. खोलीत शेगडी दिसत नाही. जाड दगडी लाद्या ठेंगण्या खांबांवर बसवलेल्या असतात आणि त्यांच्याखालच्या पोकळीत लाकूड जाळतात. त्याच जाळावर तांब्याच्या भांड्यात वजूचे पाणी तापते. जाळ विझल्यावरही लाद्या कित्येक तास उष्णता देत राहतात.

यामागचे शास्त्र सोपे आहे. हिवाळ्यात उन्हात उभे राहिल्यास हवा गार असूनही अंग तापते, कारण उष्णतेचे किरण थेट अंगावर येतात. यालाच प्रारण म्हणतात. तापलेली फरशी हेच करते. हीटरची गरम हवा मात्र हलकी होऊन छताकडे जाते आणि पाय गारच राहतात.

आजच्या इमारतींत फरशीखाली लाकडाऐवजी गरम पाणी खेळवतात. तळाशी उष्णतारोधक थर, त्यावर खास प्लास्टिकच्या नळ्यांची वेटोळी, त्यावर सिमेंटचा थर आणि शेवटी लादी. नळ्यांत साधारण 35 ते 45 अंश सेल्सियसचे पाणी पुरते. भिंतीवरच्या जुन्या रेडिएटरला 60 ते 70 अंश लागतात. त्यामुळे इंधनाची बचत होते आणि सौर बंबाचीही मदत घेता येते. धूळ उडत नाही, आवाज होत नाही, भिंती मोकळ्या राहतात. राहत्या खोलीत लादी 29 अंशांपेक्षा जास्त तापू नये, असा युरोपीय मानकाचा दंडक आहे.

तोटेही ध्यानात घ्यावेत. खोली सावकाश तापते. तासाभराच्या वापराच्या जागेला हीटरच बरा. जाड गालिचा ऊब अडवतो.

थंड प्रदेशांत नळकाम व लादीकामासाठी जाणाऱ्या बांधवांनी तीन गोष्टी पाळाव्यात. प्रत्येक वेटोळे एकसंध नळीचे असावे, फरशीखाली सांधा नसावा. सिमेंट ओतण्यापूर्वी दाबाची चाचणी घ्यावी आणि ओततानाही नळ्यांत दाब ठेवावा, म्हणजे भोक पडल्यास लगेच कळते. सिमेंट पुरते पक्के झाल्यावरच पाणी हळूहळू तापवावे, नाहीतर फरशीला तडे जातात.

पैसे वाचवण्यासाठी रोधक थर गाळणारा ठेकेदार गिऱ्हाईकाची उष्णता जमिनीत घालवतो. लादी बसल्यावर ही चूक दिसत नाही. ती पहिल्या हिवाळ्यात इंधनाच्या बिलात दिसते. मग फरशी फोडावी लागते आणि कारागिराचे नावही जाते.